कॅमेऱ्यावरची टिकली

मी एक जुनी टिकली आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, की हॅमिल्टनच्या रवींद्र आजोबांनी भर सकाळी, स्वयंपाकघरात, नातीच्या देखत उखाणा घेतला.

मित्रांनो, वरचं वाक्य कृपया विसरा. तसं काही घडलेलं नाही. तसं काही घडलेलं नाही असा या घराचा ठराव आहे, आणि मी घरातलीच असल्यामुळे तो मलाही लागू होतो. तेव्हा आपण असं धरू, की मी आत्ताच बोलायला लागले आहे.

तर, मी एक जुनी टिकली आहे. रंग मरून, कापड मखमल, आकार मसुराच्या दाण्याएवढा. माझा जन्म कापडाच्या एका ताग्यातून झाला. वरून लोखंडी साचा धाडकन खाली आला आणि आम्ही सगळ्या बहिणी एका दमात गोल झालो. मग पाठीला गोंद लागला, आम्हाला पाकिटावर ओळीने बसवलं, आणि पुण्याच्या तुळशीबागेत उमा आजींनी आम्हाला उचललं. हॅमिल्टनजवळच्या ब्रॅम्पटनला सगळं मिळतं, अगदी अडकित्तासुद्धा मिळतो, पण आजींचं म्हणणं असं, की तिथल्या टिकलीचा गोंद कॅनडाच्या हिवाळ्याला घाबरतो. म्हणून आम्ही मेतकूट आणि गोडा मसाला यांच्या मधोमध बसून विमानाने आलो. मी आजही किंचित हिंगाची आहे.

काही दिवस मी आजींच्या कपाळावर होते. मग आजींनी मला वॉशरूमच्या आरशावर चिकटवलं आणि तिथेच विसरल्या. मराठी घरातल्या टिकलीचं निवृत्तीचं ठिकाण तेच असतं. आरशावर आम्ही इतक्या झालो होतो, की दाढी करताना आजोबांना गोवर आल्यासारखं दिसायचं. ते तक्रार करत नसत. आजोबा तसे कशाबद्दलच फार बोलत नसत. आयुष्यभर त्यांनी पोलादाच्या कारखान्यात धातू तपासले. धातूशी बोलावं लागत नाही.

आजोबांची एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवी. त्यांच्या लग्नात, सांगलीला, बायकांनी त्यांना अडवून ‘नाव घ्या’ म्हटलं. आजोबा म्हणाले, ‘उमा. घेतलं. आता जिलबी द्या.’ त्यानंतर इथल्या मराठी मंडळातल्या कुठल्याही लग्नात कुणी आग्रह केला, की ते एकच सांगायचे, की मी इंजिनियर आहे, यमकं जुळवत नाही. आजी हसायच्या. हसून दुसरीकडे बघायच्या.

आता माझ्या नोकरीकडे वळते.

आजोबांचा लॅपटॉप इतका संथ झाला होता, की ते तो सुरू करून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला जायचे आणि परत येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा. त्यांची नात मैत्रेयी इथेच हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत शिकते. तिने एका रविवारी त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घातलं आणि आजोबांना चार गोष्टी समजावल्या. त्यातली एक अशी, की कॅमेरा वापरत नसाल तेव्हा झाकून ठेवा. आजोबा काळी टेप शोधायला बेसमेंटमध्ये गेले. त्यांच्या बेसमेंटमध्ये टेप सोडून सगळं आहे. येताना ते वॉशरूममधून आले आणि त्यांच्या बोटाच्या टोकावर मी होते.

त्यांनी मला कॅमेऱ्यावर दाबलं. माझ्या एका धाकट्या बहिणीला कीबोर्डवरच्या विंडोजच्या खुणेवर दाबलं, कारण आता ती खूण तिथे असणं त्यांना पटत नव्हतं. आणि आम्ही दोघी इंटरनेट सुरक्षेच्या खात्यात रुजू झालो.

मित्रांनो, टिकलीला दोन बाजू असतात. मखमलीच्या बाजूने मी घर पाहते. गोंदाच्या बाजूला तिळाएवढा काळा डोळा आहे, आणि त्या डोळ्यामागे, असं म्हणतात, सगळं जग आहे. पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा माझा गोंद सुटायची वेळ आली. एवढंसं भोक, आणि त्यातून कुणीही, कुठूनही, आजींना पोहे परतताना पाहू शकतं! आणि मधे कोण उभं आहे? मी. मसुराचा दाणा. इतका मान मला कपाळावरसुद्धा मिळाला नव्हता.

मला पडदा दिसत नाही, कारण मी त्याच्या वर बसते. पण आजोबांच्या चष्म्यात तो उलटा दिसतो. तेवढ्यावर मी जे शिकले, त्याने मी थक्क होऊन बसले आहे. अजूनही उठलेले नाही.

अपडेटचंच घ्या. जगात कुठेतरी, कुणीतरी, ज्याने हॅमिल्टन नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही, असा माणूस आपल्या घराच्या भिंतीतलं भोक शोधतो, ते बुजवण्याचा गिलावा तयार करतो आणि पाठवून देतो. चहासुद्धा मागत नाही. आपल्याला फक्त ‘हो, लाव’ म्हणायचं असतं. आणि मित्रांनो, लोक ‘नंतर’ म्हणतात. मी हे पाहिलं आहे. आजोबा मात्र लगेच ‘हो’ म्हणायचे. आजींशी बोलतानासुद्धा मी त्यांना इतक्या तत्परतेने हो म्हणताना ऐकलं नव्हतं.

किंवा कुलपाचं घ्या. लिनक्स घालतानाच मैत्रेयीने अख्ख्या डिस्कला कुलूप लावलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ येते आणि पासवर्ड मागते. तो टाईप करताना काहीही उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. नवा माणूस घाबरतो, की कीबोर्ड बिघडला. तो बिघडलेला नसतो. किती अक्षरं आहेत हेसुद्धा शेजाऱ्याला कळू नये, एवढी त्याची अदब असते. आणि सगळ्यात मोठं नवल म्हणजे, ती किल्ली त्या कुलपाला स्वतःलाच ठाऊक नसते. बरोबर किल्ली लागली, की तेवढं त्याला कळतं. पासवर्ड विसरला, तर जगातला कुठलाही चोर, कुठलाही पोलीस आणि कुठलीही नात ते उघडू शकत नाही. मैत्रेयी म्हणाली होती, पासवर्ड लांब ठेवा, अख्खं वाक्य ठेवा, आणि असं ठेवा, जे तुम्ही म्हणाल असं कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

आजोबांनी थोडा विचार केला, सगळ्यांना तोंड फिरवायला लावलं आणि काहीतरी पुष्कळ वेळ टाईप केलं.

तेव्हापासून रोज सकाळी ते लॅपटॉप सुरू करायचे आणि किल्ली टाईप करताना त्यांचे ओठ हलायचे. चष्म्यात काही दिसायचं नाही. मला वाटायचं, स्तोत्र असावं. आजींनाही तसंच वाटायचं. त्या शेगडीपाशी उभ्या राहून म्हणायच्या, की एवढी भक्ती कधीपासून आली कोण जाणे.

ती आमची वैभवाची वर्षं. आजोबांनी मंडळातल्या नव्या लिनक्सवाल्यांसाठी वर्ग काढला. व्हिटबीचे डॉक्टर अरविंदकाका सतत रूट होऊन बसायचे, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकारी. आजोबांनी त्यांना विचारलं, की तुम्ही भाजी चिरायलासुद्धा तलवार घेता का? काम असेल तेव्हा अधिकार मागून घ्यायचा, काम झालं की परत करायचा. अरविंदकाका म्हणाले, की सर्जनला हे जमत नाही. लिनक्स घातलं म्हणजे आता काही होणार नाही, या समजावर तर आजोबा चिडायचे. आलेली प्रत्येक लिंक दाबणाऱ्याला लिनक्सही वाचवत नाही, असं ते सांगायचे. वर्गाचा शेवट एका वाक्यावर व्हायचा: पासवर्ड बायकोलासुद्धा सांगायचा नाही.

एकदा एका माणसाचा फोन आला. तो म्हणाला, मी कंप्युटर कंपनीतून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबा. आजोबा म्हणाले, तिथे टिकली आहे. तो हिंदीवर आला. ‘टिकली मतलब? बिंदी? सर, आप कंप्युटर के सामने ही बैठे हैं ना?’ आजोबा म्हणाले, हो, आणि तीही बसली आहे. त्या माणसाने स्वतःहून फोन ठेवला. माझी बहीण त्या दिवसापासून माझ्याशी जरा वरून बोलते.

आणि मग तो जानेवारी आला.

आजोबा ड्राइव्हवेवर घसरले. दोन्ही हात पुढे टेकले आणि दोन्ही मनगटं मोडली. प्लास्टर बोटांपर्यंत आलं. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिटलेला राहिला, बॅटरी संपली, तो बंद झाला. मी आत अंधारात, कीबोर्डवरच्या बहिणीच्या समोरासमोर. बोलायला विषय नव्हता.

झाकण उघडलं ते एका सकाळी. मैत्रेयी आजोबांना ओटमील भरवायला आली होती, बाहेर बर्फ पडत होता आणि आजींच्या हातात फोन होता. पुण्याहून त्यांचा भाचा नंदन बोलत होता. आजींचे थोरले भाऊ, बळवंतदादा, हॉस्पिटलमध्ये होते. दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयाचं ऑपरेशन. वय फार, डॉक्टरांनी काही लपवलेलं नव्हतं. तिकडे संध्याकाळ झाली होती, थोड्या वेळात नर्स फोन काढून घेणार होती. आणि दादांनी एकच मागितलं होतं: आईचा ओरडा ऐकायचाय.

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आजी कॅनडात आल्या तेव्हा फोन परवडायचा नाही. मग सांगलीहून त्यांची आई शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची, आणि ती कॅसेट कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवायची. एका कॅसेटमध्ये बोलता बोलता मधेच ती दादांवर ओरडली आहे. आजोबांनी त्या सगळ्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि कॅसेटी गेल्या. आजोबांनी ते आवाज दुसऱ्याच्या कंप्युटरवर, इंटरनेटवर कुठेही ठेवले नव्हते, कारण घरचा आवाज घरात राहावा. दुसरी प्रत मात्र त्यांनी शहाण्यासारखी काढली होती, वेगळ्या डिस्कवर. तिलाही तेच कुलूप होतं.

मैत्रेयीने लॅपटॉप सुरू केला. पांढरी ओळ आली. ती म्हणाली, ‘ओके आजोबा, पासवर्ड?’

आजोबा म्हणाले, हात बरे झाले की बघू.

आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आजोबा म्हणाले, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो, मी स्वतः लोकांना शिकवतो. मग म्हणाले, मी करतो काहीतरी. त्यांनी मैत्रेयीला पेन्सिल दातात द्यायला लावली आणि तिच्या टोकाने टाईप करायला लागले. मित्रांनो, पोलादाच्या क्षेत्रातला एवढा मोठा माणूस सुतारपक्ष्यासारखा टोचत होता, आणि माझ्या इतका जवळ, की माझी मखमल त्यांच्या श्वासाने हलत होती. यंत्राने नम्रपणे कळवलं, की ही किल्ली लागत नाही. दुसऱ्यांदाही तसंच कळवलं.

नंदनचा मेसेज आला, की नर्स एकदा येऊन गेली, आता परत येईल.

आजी हळूच म्हणाल्या, ‘तुमचा नियम मोठा, की माझा दादा?’

आजोबांनी पेन्सिल टेबलावर सोडली. म्हणाले, बरं, मी मैत्रेयीला एकेक अक्षर सांगतो, उमा, तू तोवर ग्रोसरीला जाऊन ये. आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रस्ता राहिलेला नव्हता. आजी हलल्या नाहीत.

मग आजोबांनी इंग्रजी अक्षरं सांगायला सुरुवात केली, कस्टमवाल्याला आडनाव सांगावं तशी, एका सुरात आणि भरभर. बी, एच, ए, टी, टी, आय. मैत्रेयी टाईप करता करता थांबली.

‘भट्टी? लाइक, फर्नेस?’

‘वाचू नकोस. फक्त टाईप कर.’

‘आजोबा, आय हॅव आइज.’

आजोबांनी आणखी वेग घेतला. बर्फावरच्या घसरगाडीसारखी अक्षरं सुटली. मैत्रेयीला मधेच हसू आलं, एक अक्षर घेतलं की राहिलं ते कळेना, पडद्यावर तर काहीच नाही. यंत्राने पुन्हा नम्रपणे कळवलं. मैत्रेयी आता हसत नव्हती. ती आजोबांकडे अशी पाहत होती, जणू त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘यू हॅव टू से इट. ऑल ऑफ इट.’

आजोबा उभे राहिले. का उभे राहिले ते मला कळलं नाही, बसूनही सांगता आलं असतं. दोन्ही प्लास्टरचे हात पुढे, कुणीतरी अक्षतांचं ताट ठेवायचं विसरलंय असे. चष्म्यात पांढरी ओळ आणि तिच्यावर आजी, उलट्या, शेगडीपाशी.

ते म्हणाले,

‘भट्टीपाशी दिवस सरला, थंडीची नाही तमा,
ऊब मात्र तेव्हाच वाटते, दार उघडते उमा.’

मित्रांनो, फ्रिजसुद्धा थांबला. मी काय काय पाहिलं आहे: अनोळखी लोकांनी बुजवलेली भोकं पाहिली, स्वतःची किल्ली ठाऊक नसलेलं कुलूप पाहिलं. पण ज्या माणसाने सबंध संसारात एक यमक जुळवलं नाही, तो रोज सकाळी, चहाच्या आधी, ओठांतल्या ओठांत हे म्हणत होता, आणि ते कुठेच उमटत नव्हतं. माझ्या नाकासमोर! मला नाक नाही, तरी.

आजींनी विचारलं, ‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली होती, कुणाला सुचणार नाही असं ठेवा.’

‘मला नसतंच सुचलं,’ आजी म्हणाल्या.

मग आजोबांनी एकेक शब्द म्हणून त्याची अक्षरं सांगितली आणि मैत्रेयीने घाई न करता टाईप केली. शेवटचा शब्द आजींनी स्वतः केला. मैत्रेयीच्या खांद्यावरून वाकून, एका बोटाने, यू, एम, ए. आणि दार उघडलं.

फोन स्पीकरच्या तोंडाशी धरला. खरखर झाली, कुठेतरी भांडं पडलं, आणि एक बाई पत्र सांगता सांगता एकदम कडाडली: ‘बळ्या, दार लाव आधी! मांजर दुधावर आहे!’

पुण्याहून एक म्हातारा, बारीक आवाज आला.

‘लावलं गं.’

आजोबांनी चष्मा पुसायला सांगितला. मैत्रेयीने पुसला, मग स्वतःचे डोळे त्याच फडक्याने पुसले. आजींनी काहीच पुसलं नाही, त्या ऐकत होत्या.

ऑपरेशन झालं. दादा घरी आले, आणि आता रोज फोन करून सांगतात, की ते मांजर मुळात उमाने आणलं होतं.

त्या सकाळी फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, की झालं ते या घराबाहेर जाणार नाही. आजींनी ठराव मान्य केला. मग त्यांनी सहज विचारलं, की तुम्ही वर्गात म्हणता ना, तोंडाबाहेर पडलेला पासवर्ड मेला, तो लगेच बदलायचा? आजोबा म्हणाले, हो, नियम तसाच आहे. आजी म्हणाल्या, ‘मग जुळवा नवा. मला सांगू नका.’

त्या दिवशी आजोबा खिडकीपाशी बसून बर्फ बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आजींनी शेगडीवर काहीही नसताना पळीने ढवळलं.

मित्रांनो, माझा गोंद आता कमी झाला आहे. मी एका कडेने सुटते आहे आणि तेवढ्या फटीतून जग आत डोकावतं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तेव्हा तुमच्याकडचा कॅमेरा झाकलेला आहे का, ते एकदा बघा. अपडेट आलं तर ‘नंतर’ म्हणू नका. आईचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. पासवर्ड लांब ठेवा आणि त्यात असं काही ठेवा, जे तुम्हाला खरोखर म्हणायचं आहे. बाकी माझं म्हणणं मी रीतसर मांडते.

प्रति, माननीय व्यवस्थापक, इंटरनेट (संपूर्ण), मुख्य कार्यालय, असल्यास. विषय: पासवर्ड बदलण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की जगातील सर्व विवाहित व अल्पभाषी पुरुषांचे पासवर्ड दर हिवाळ्यात सक्तीने रद्द करण्यात यावेत, आणि रद्द झालेला प्रत्येक पासवर्ड संबंधित पुरुषाने संबंधित पत्नीसमोर, उभे राहून, स्पष्ट आवाजात एकदा वाचून दाखवावा. पोच मिळावी. आपली विश्वासू, टिकली (मरून), कॅमेरा विभाग, हॅमिल्टन.